आठ संघ की बारा? आधी चौथी खुर्ची बघ

वाचकाचं पत्र

मावशी, नमस्कार. मी सत्तावीस वर्षांचा, इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. आमचा टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे. निम्मी मुलं इंदूरची, बाकीची देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, बडोद्याची आणि काही नोकरीपायी पुण्याला गेलेली. टेकन ७ च्या दिवसांपासून आम्ही दरवर्षी ऑनलाइन सांघिक स्पर्धा घेतो. आठ संघ, प्रत्येकात पाच खेळणारे आणि दोन राखीव. आठवड्याला एक लढत, लढतीत पाच सेट, म्हणजे प्रत्येक खेळणाऱ्याचा एक. आधी साखळी, मग पहिल्या चार संघांची उपांत्य आणि अंतिम फेरी.

यंदा बारा जणांना कॅप्टन व्हायचंय. जुनी मंडळी म्हणतात, आठच ठेवा, जुन्या होळकर क्रिकेट टीमसारखे मोजके पण तगडे. काहींना बारा संघांची पूर्ण साखळी हवी आहे. नवी पोरं म्हणतात, तिघा-तिघांचे सोळा संघ करा, 'विजेता टिकतो' ठेवा आणि एका शनिवार-रविवारी प्रत्यक्ष जमून नॉकआउटमध्ये संपवून टाका. मी 'आठ की जास्त' असा पोल टाकला. ३१ विरुद्ध २९ असा निकाल लागला, जास्तीच्या बाजूनं. हरलेली बाजू म्हणते, मत द्यायला नको ती माणसं आली. ज्या बालमित्राबरोबर मी ही स्पर्धा सुरू केली, तो आठवाला. गेले तीन आठवडे तो माझ्याशी बोलत नाहीये. गेल्या वर्षी साखळीतल्या १४० पैकी १९ सेट झालेच नाहीत, त्यातले १५ तर शेवटच्या दोन आठवड्यांतले. ते असो. मावशी, यंदा किती संघ ठेवू?

मावशीचं उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'ते असो' म्हणून तू जिथून पुढे निघून गेलास, मी तिथेच थांबले.

शेवटच्या दोन आठवड्यांत तुमच्या आठ लढती असतात, म्हणजे चाळीस सेट. त्यातले पंधरा झालेच नाहीत. ते कोणाचे होते हे तू लिहिलं नाहीस. जुनी यादी काढून बघ. माझा अंदाज असा की त्यातले बहुतेक तळाच्या दोन-तीन संघांतल्या चौथ्या-पाचव्या खुर्चीवरच्या, म्हणजे संघाच्या क्रमात शेवटी असलेल्या, मुलांचे निघतील. संघ चौथ्या-पाचव्या आठवड्यातच शर्यतीतून बाहेर गेला, कॅप्टननं ग्रुपवर मेसेज टाकणं सोडलं, समोरचा खेळाडू आपल्यापेक्षा तीन पायऱ्या वरचा. अशा वेळी रविवारी रात्री नऊला कन्सोल लावून बसायला त्या मुलाकडे कारणच उरत नाही. आळशी म्हणून तो गेला नाही असं मला वाटत नाही. तुमच्या रचनेनं त्याला घरी बसवलं.

म्हणून संघ किती हा प्रश्न तू आत्ता बाजूला ठेव. शेवटच्या रविवारी, सगळ्यात खालच्या संघातल्या शेवटच्या खुर्चीवरच्या मुलानं का यावं? याचं उत्तर तुला आधी सापडलं पाहिजे. ते सापडलं की संघांचा आकडा त्यातूनच निघतो. कसा, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी भाच्याबरोबर मी इथल्याच एका स्पर्धेला गेले होते. तिघांचे संघ आणि 'विजेता टिकतो', तुमच्या नव्या पोरांना हवं तेच. जो जिंकेल तो खुर्चीवर बसून राहणार, हरणाऱ्या संघाचा पुढचा खेळाडू येणार. महूहून एक मुलगा आला होता, अकरावी-बारावीतला असेल. मांडीवर काळी बॅग, बॅगेत गेम खेळायची, त्यानं स्वतः बटणं बदललेली स्टिक. त्याच्या संघातला पहिला खेळाडू फार तयारीचा होता. पहिली लढत त्यानं एकट्यानं संपवली, दुसरीही. पुढे तो एकदोनदा हरला, पण मग दुसऱ्यानं सावरलं. अंतिम फेरीही दुसऱ्यापर्यंतच संपली. संघ विजेता ठरला, गळ्यात पदकं पडली, फोटो झाले. महूच्या मुलाच्या बॅगेची चेन सकाळपासून उघडलीच नव्हती. बाहेर पार्किंगमध्ये भाच्यानं त्याला विचारलं, "काय भिया, मजा आली?" तो म्हणाला, "स्टिक चालते की नाही, तेसुद्धा कळलं नाही."

तो हरला असता तर इतका खट्टू झाला नसता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

याच्या अगदी उलट रचना मी इथल्या अभय प्रशाल क्रीडासंकुलात बघितली आहे. माझी मुलगी टेबल टेनिस खेळायची, संघात ती कायम तिसरी. तिथे सांघिक लढतीत पाच सामने असतात आणि तीन जिंकणारा संघ जिंकतो. क्रम ठरलेला. आधी दोन्हीकडचे पहिले-दुसरे खेळाडू आपापला एक सामना खेळतात, मग तिसरा तिसऱ्याशी खेळतो, आणि त्यानंतर गरज पडली तर पहिले-दुसरे पुन्हा उतरतात. आता बघ, कोणालाही तीन सामने जिंकल्याशिवाय लढत संपवता येत नाही, आणि तिसऱ्या खेळाडूचा सामना तिसरा आहे. म्हणजे लढत कितीही एकतर्फी असो, तिसरा खेळाडू टेबलाशी जातोच जातो. नियम करणाऱ्यानं शेवटच्या खेळाडूचा विचार आधी केलाय. माझी लेक हरून आली तरी घामाघूम होऊन आलेली असायची, आणि रात्री जेवताना त्याच सामन्याबद्दल बोलत बसायची.

आता हिशेबाकडे येऊ. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हे कागदावर मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

साखळीत संघांची संख्या आणि त्यातून एक वजा केलेली संख्या यांचा गुणाकार करून निम्मा केला की लढती मिळतात. आठ संघांच्या २८, बारांच्या ६६. बारांची पूर्ण साखळी म्हणजे अकरा आठवडे आणि वर बाद फेरीचे दोन. दिवाळीनंतर सुरू केलीस तर फेब्रुवारी उजाडेल, मधे सेमिस्टरच्या परीक्षा, लग्नसराई, संक्रांत. नऊ आठवड्यांत एकोणीस सेट गळाले, तेरा आठवड्यांत किती गळतील याचा तूच विचार कर. ही सूचना मी इथेच सोडून देते.

नॉकआउटमध्ये लढती संघांपेक्षा एकनं कमी, सोळा संघांच्या पंधरा. हाताळायला सोपं, पण त्या पंधरापैकी पहिल्या आठ लढती संपल्या की आठ संघ घरी. तिघांचे संघ असतील तर चोवीस मुलं एकेक लढत खेळून मोकळी, आणि 'विजेता टिकतो' असेल तर त्यांतली काही जेमतेम एक सेट खेळून. ग्वाल्हेरहून येणाऱ्यानं तेवढ्यासाठी रात्रभर रेल्वेचा प्रवास करावा?

माणसांचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. गेल्या वर्षी आठ संघ गुणिले सात, म्हणजे ५६ जण. तसेच सातांचे बारा संघ करायला ८४ लागतील, आणि तुझ्या पोलवर एकूण मतंच साठ पडली आहेत. जुनी मंडळी "माणसं नाहीत" म्हणतात ते या अर्थानं अगदी बरोबर आहे. पण संघ लहान केलास तर? चार खेळणारे आणि एक राखीव. बारा गुणिले पाच, बरोबर साठ. गेल्या वर्षीपेक्षा फक्त चार जास्त. खेळणाऱ्या खुर्च्या चाळीसच्या अठ्ठेचाळीस होतात आणि नुसते बसून राहणारे सोळाचे बारा.

चार अधिक एक ही मी घरी बसून काढलेली टूम नाही. बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा संघ असाच असतो. २०२२ मध्ये मामल्लपुरमला ती स्पर्धा झाली तेव्हा आपल्याकडे घराघरांत बघितली गेली, आणि २०२४ मध्ये बुडापेस्टला भारतानं खुल्या आणि महिला दोन्ही गटांत सुवर्ण मिळवलं, तेही पाच-पाच जणांच्या संघांनी. तिथे जवळजवळ दोनशे संघ येतात आणि अकरा फेऱ्यांत सगळं आटोपतं. हे जमतं ते स्विस पद्धतीमुळे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

ही पद्धत पहिल्यांदा १८९५ मध्ये झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत वापरली गेली, म्हणून नाव स्विस. कल्पना साधी आहे. कोणी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात, पण प्रत्येक फेरीत शक्यतो आपल्याइतकेच गुण असलेल्याशी गाठ पडते आणि एकाच संघाशी दोनदा खेळायचं नाही. ऑलिम्पियाडनं ती १९७६ मध्ये घेतली. तुमच्या जगातही ती नवी नाही. काउंटर-स्ट्राइक या गेमच्या मेजर स्पर्धांमध्ये २०१७ पासून सोळा संघ अशाच पद्धतीनं खेळतात, तीन विजय झाले की पुढे, तीन पराभव झाले की बाहेर. लीग ऑफ लेजंड्सच्या विश्वस्पर्धेनं २०२३ मध्ये गटसाखळी सोडून हीच धरली.

बारा संघ आणि पाच फेऱ्या घे. फेरीत सहा लढती, म्हणजे एकूण तीस. लढतीत चार सेट, म्हणजे १२० सेट. आठ संघांच्या साखळीत १४० होत होते, इथे संघ वाढून सेट कमी झाले. पाच आठवडे साखळीऐवजी स्विसचे, दोन बाद फेरीचे, सात आठवड्यांत स्पर्धा पूर्ण. एकच सर्वविजयी संघ उरायला बारांत चार फेऱ्या पुरतात, पाचवी अशासाठी की पहिल्याच आठवड्यात कोणाचा पाय घसरला तरी त्याला सावरता यावं.

आता मूळ प्रश्नाकडे परत ये. पाचव्या आठवड्यात चारही लढती हरलेला संघ कोणाशी खेळेल? त्याच्यासारख्याच शून्यावरच्या संघाशी, किंवा एखादी लढत जिंकलेल्याशी. त्या लढतीत कोणाला तरी यंदाचा पहिला विजय मिळायची खरी शक्यता आहे. समोरचा आपल्याच ताकदीचा आहे. चौथ्या खुर्चीवरच्या मुलाला यायला कारण मिळालं. आठांच्या साखळीत हाच संघ शेवटच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकाच्या संघापुढे पडू शकतो, आणि मग वॉकओव्हर.

कोणी तुला म्हणेल, बारांचे सहा-सहाचे दोन गट करा, त्यातही तीसच लढती आणि पाचच आठवडे. हिशेब खरा आहे. त्यात वेळापत्रक पहिल्या दिवशीच लागतं ही मोठी सोय, हेही मी मान्य करते. पण गटांत शेवटच्या आठवड्यात दोन रोग लागतात. तळाच्यांना खेळायला काही उरत नाही हा पहिला. दुसरा रोग वरच्यांचा, पुढे कोण समोर यावं हे बघून हरायचा मोह. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत गटसाखळी पहिल्यांदाच आणली आणि बाद फेरीत सोयीची जोडी मिळावी म्हणून खेळाडू मुद्दाम शटल जाळ्यात मारू लागल्या. चार जोड्या, आठ खेळाडू स्पर्धेतून काढले गेले. त्याआधी १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा सामना १-० झाला, तो निकाल दोघांनाही पुरेसा होता आणि उरलेला वेळ दोघांनी नुसता चेंडू इकडून तिकडे केला. बाहेर फेकला गेला अल्जीरिया, कारण त्याचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी ठेवतात. स्विसमध्ये हा मोह अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही, पण पुढची जोडी निकालावर ठरत असल्यानं हिशेब लावणं फार अवघड जातं.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. ते उडवून लावू नकोस, त्यात तथ्य आहे. साठातले वरचे वीस खेळाडू वीसच राहणार आहेत. आठ संघांत ते संघामागे अडीच बसत होते, बारांत दोनही नाही. वरच्या संघांच्या लढतींची धार थोडी कमी होईल. शिवाय प्रत्येकाला साखळीत सात सेट मिळायचे तिथे पाच मिळतील. हे नुकसान आहे आणि ग्रुपला तसं स्पष्ट सांगायला हवं.

पण त्यातलं बरंचसं क्रम पक्का करून भरून काढता येतं. ऑलिम्पियाडमध्ये कॅप्टन सुरुवातीलाच आपल्या खेळाडूंचा क्रम लिहून देतो आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. एकाला विश्रांती दिली तर खालचे एकेक जागा वर सरकतात, राखीव आत येतो. तुम्हीही तसंच करा. पहिला पहिल्याशी, चौथा चौथ्याशी. मग तुझ्या मित्राला ज्या लढती बघायच्या आहेत, त्या पहिल्या-दुसऱ्या खुर्चीवर जशाच्या तशा राहतात, आणि नवा मुलगा चौथ्या खुर्चीवर आपल्यासारख्याच नव्याशी खेळतो. तगडा खेळाडू खाली लपवून स्वस्तात गुण काढायची सोयच राहत नाही. क्रम मनमानी वाटू नये म्हणून गेल्या वर्षीचे निकाल आणि गेममधली रँक बघून दोन तटस्थ माणसांनी यादीवर एकदा नजर टाकावी.

होळकर टीमचं नाव तुमच्या जुन्यांनी घेतलं म्हणून सांगते. मी याच गावातली, मलाही त्या चार रणजी करंडकांचा अभिमान आहे. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. पण त्या काळची रणजी बाद पद्धतीची होती. वर्षभर तयारी करून संघ एक सामना हरला की विषय संपला. १९५७-५८ पासून विभागांत साखळी आली, ती त्यामुळे कमजोर झाली नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक आणला, त्या हंगामात ३८ संघ होते. ताकदीप्रमाणे एलिट आणि प्लेट असे गट पाडले होते म्हणून ते निभलं. तुमचे संघ पुढे सोळावर गेले तर दोन श्रेणी करता येतील, वरचा तळाचा खाली, खालचा पहिला वर. यंदा बारांतच ती गडबड नको.

संख्येवरून मोठ्यांचेही असेच वाद झालेत. क्रिकेटचा २००७ चा विश्वचषक सोळा संघांचा, चार-चारचे गट. आपला संघ बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरला आणि तीन सामन्यांत परत आला, तो मार्च महिना कोणी विसरलेलं नाही. मग २०१९ ला दहाच संघ घेऊन पूर्ण साखळी खेळवली, तर १९८३ पासून प्रत्येक विश्वचषकात खेळलेला झिम्बाब्वे बाहेर राहिला आणि लहान देशांनी ओरड केली. फुटबॉलनं तर २०२६ साठी ४८ संघ आणि तीन-तीनचे गट ठरवून टाकले होते. कतारमधल्या चार-चारच्या गटांचे शेवटचे दिवस किती रंगले ते बघितल्यावर २०२३ मध्ये त्यांनी तो निर्णय फिरवला आणि बारा गट केले. एवढ्या मोठ्या संस्थेला ठरलेलं मोडता येतं, तर तूही सगळ्यांना लिहून सांग की हा निर्णय एका वर्षापुरता आहे. पुढच्या वर्षी कशावरून तपासायचं तेही आत्ताच लिही: किती सेट झाले नाहीत, आणि चौथ्या फेरीनंतर किती संघांना उपांत्य फेरीची आशा शिल्लक होती.

चार खुर्च्या म्हटल्यावर कोणीतरी लगेच विचारेल, २-२ झालं तर? होऊ दे. स्विसच्या फेऱ्यांत बरोबरी ठेव, दोघांना एकेक गुण, विजयाला दोन. बरोबरी टाळायला ओढून-ताणून पाचवा सेट नको. ऑलिम्पियाडमध्ये पूर्वी सगळ्या पटांवरच्या गुणांची बेरीज मोजायचे, त्यामुळे दुबळ्या संघाला ४-० धुणं हे तगड्या संघाला निसटतं हरवण्यापेक्षा फायद्याचं ठरायचं. २००८ पासून त्यांनी लढतीचे गुण आधी धरले. तुम्हीही लढतीचे गुण आधी धरा, आणि ते सारखे झाले तर जिंकलेल्या सेटची बेरीज बघा. यामुळे ३-० झाल्यावरही चौथा सेट फुकट जात नाही. उपांत्य आणि अंतिम फेरीत २-२ झालं तर दोन्ही कॅप्टननी आपला कोणताही एक खेळाडू निवडावा आणि 'फर्स्ट टू थ्री'वर, म्हणजे आधी तीन गेम जिंकेल त्याच्या बाजूनं, निकाल लागावा.

या पद्धतीत मोडण्यासारखी एक जागा आहे आणि ती तुझ्या हातात आहे. साखळीत एक सेट लांबला तर लांबला, पुढच्या आठवड्याची जोडी ठरलेलीच असते. स्विसमध्ये सगळे निकाल आल्याशिवाय पुढच्या जोड्या लागत नाहीत. म्हणून रविवारी रात्री दहा म्हणजे दहा. राखीव बसवायचा असेल तर कॅप्टननं शुक्रवार रात्रीपर्यंत कळवावं. जो आला त्याला सेट, दोघंही आले नाहीत तर दोघांनाही शून्य. सोमवारी संध्याकाळी जोड्या ग्रुपवर. लाइट गेली, नेट गेलं, पुण्यात शिफ्ट लागली, सगळ्याची दया येईल. एकदा एकासाठी सोमवार हलवलास की बाकी एकोणसाठ जणांचा आठवडा हलतो. आठवड्याला वीसऐवजी चोवीस सेट होणार, तेव्हा निकाल गोळा करायला तुझ्याशिवाय आणखी एक माणूस लागेलच. आणि नवरात्रात सुरुवात करू नकोस, गरब्याच्या दिवसांत रात्री नऊला इंदूर-बडोद्याचं कोणी घरी सापडायचं नाही. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार धर.

नव्या पोरांची हौस मात्र मारू नकोस. त्यांना जो जल्लोष हवाय, एका हॉलमध्ये सगळ्यांनी ओरडायचं, तो सात आठवड्यांच्या ऑनलाइन स्पर्धेत मिळणार नाही. बाद फेरी झाली की एका रविवारी तिघा-तिघांची वेगळी स्पर्धा इंदूरला प्रत्यक्ष घ्या. 'विजेता टिकतो' एका दिवसाच्या मजेसाठी चालेल, पण एक नियम घाला: प्रत्येक लढतीत क्रम बदलायचा, आधीच्या लढतीत शेवटी बसलेला पुढच्या लढतीत पहिला. महूच्या मुलाची स्टिक अशानं दुसऱ्या लढतीत तरी बाहेर निघाली असती. आणि टेकनवाल्यांना लूझर्स ब्रॅकेट, म्हणजे दुसऱ्यांदा हरेपर्यंत बाद न होण्याची सोय, समजावून सांगायला नको. सोळा संघांच्या त्यात तीस-एकतीस लढती होतात, लढतीत तीन ते पाच सेट, उठबस धरून सेटला बारा मिनिटं. चार कन्सोल असले तरी शेवटच्या फेऱ्यांत एकेकच लढत चालते, तेव्हा आठ-नऊ तास जातील. सकाळी दहाला पोहे-जलेबी खाऊन बसलात तर रात्री सराफ्यातला खाऊबाजार उघडायच्या आत मोकळे व्हाल.

पोलबद्दल थोडं. ३१ विरुद्ध २९ ला मी निकाल म्हणणार नाही. ज्याचा संघ आधीच आहे तो आठ म्हणणार, ज्याला कॅप्टन व्हायचंय तो जास्त म्हणणार, आणि गेल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यानंतर न आलेली मुलं ग्रुप उघडून मत द्यायलाही आली नसतील. पुन्हा पोल टाकू नकोस. ते १९ सेट ज्यांचे गळाले, त्यांना एकेकाला फोन कर. "का आला नाहीस?" असं विचारलंस तर ते ओशाळतील आणि काहीबाही कारण सांगतील. "समोर कोण असता तर आला असतास?" असं विचार.

मित्राकडे मात्र फोन नको, मेसेज तर नकोच. त्याच्या घरी जा, आणि ग्रुपवर काहीही टाकायच्या आधी जा. जाताना गेल्या वर्षीची यादी छापून ने आणि न झालेल्या सेटवर पेननं खुणा करून ने. बारा संघांची बाजू लगेच मांडायला बसू नकोस, कागद त्याच्या हातात दे. तुम्ही दोघांनी मिळून ही स्पर्धा उभी केली, त्या पंधरा रिकाम्या खुर्च्या त्यालाही टोचतील. त्यानंतरही त्याला आठच बरोबर वाटलं तर वाटू दे. यंदा त्यानं संघ घेतला नाही तर आग्रह धरू नकोस आणि त्याच्यासाठी तारीखही पुढे ढकलू नकोस. मैत्री सात आठवड्यांपेक्षा लांब चालायची आहे, आणि अंतिम फेरीच्या रात्री तो बघायला येईल असं मला आतून वाटतंय.

जोड्या काढायला चॅलाँजसारख्या साइटवर स्विसची सोय आहे, पण पहिल्यांदा हातानं काढ, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल. बारा चिठ्ठ्या कर. पहिल्या फेरीत ताकदीच्या क्रमानं पहिला सातव्याशी, दुसरा आठव्याशी, असं सहावा बाराव्यापर्यंत. पुढे सारख्या गुणांचे ढीग लाव आणि ढिगात विषम चिठ्ठ्या आल्या तर एक खालच्या ढिगाला जोड. एकही बरोबरी झाली नाही तर तिसऱ्या फेरीत हे हमखास होतं आणि तिथेच नवशिक्याचा गोंधळ उडतो. पहिल्या दोन फेऱ्यांचे निकाल मला पाठव. तिसरीच्या जोड्या मी माझ्याकडे काढून ठेवते, तू तुझ्या काढ, आणि सोमवारी दुपारी ताडून बघू.